बोट उचलेपर्यंत

मामांना माणसांची तोंडं लक्षात राहायची नाहीत. हात राहायचे. कोणाबद्दल बोलायचं झालं की "ती नखं खाणारी", "तो अंगठा वाकडा असलेला", "ते जाड्या बोटांचे साहेब" असं चालायचं, आणि आम्ही बिचारे एकमेकांचे हात बघत निरोप कोणाला द्यायचा ते शोधत बसायचो. मी आजही त्यांच्या लेखी "मधलं बोट आपटणारी" आहे.

हे नाव मला इंटरव्ह्यूतच पडलं. हिंजवडीतल्या त्या काचेच्या खोलीत तिघे बसले होते. दोघांनी माझा कागद वाचून रीतसर प्रश्न विचारले. तिसरा माणूस पन्नाशीचा, पायात चपला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने टेबलाखालून एक स्टीलची परात काढून माझ्यापुढे सरकवली. परातीत तांदळाचं पीठ पसरलेलं.

"टचपॅडवर तीन बोटं टेकवून वर सरकवतेस ना? तसं कर ह्यात."

मला वाटलं थट्टा चाललीय. आधीच कॅब तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलेली, डोकं तापलेलं. मी म्हटलं, "भाकरी पण थापून दाखवू का?" बाकीच्या दोघांनी माना खाली घातल्या. तिसऱ्याचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. मी पिठात तीन रेघा ओढल्या आणि तो माणूस परातीत नाक खुपसून त्या रेघा बघत राहिला. "मधलं बोट आधी आपटतीस. बाकीची दोन मागनं येत्यात," म्हणाला आणि खूश होऊन खुर्चीला टेकला. नोकरी मिळाली. माझ्या मार्कांचा त्यात काही हात होता की नाही, कोण जाणे.

मामा हे काही त्यांचं पद नव्हतं. कँटीनमधली सुनीता त्यांच्या गावची, मुळशीतल्या रिह्याची. ती गावाच्या नात्याने मामा म्हणायची, म्हणून सगळं ऑफिस म्हणायला लागलं. बंगालकडचा एक मुलगा "मामाजी" म्हणायचा. परदेशातली गिऱ्हाइकं तर ईमेलमध्ये "डिअर मामा" लिहायची, आणि मामांना त्यात काही गैर वाटायचं नाही. "सर" म्हटलं की मात्र कपाळाला आठ्या. "सर शाळेत," म्हणायचे.

आमचं काम माझ्या घरच्यांना अजून कळलेलं नाही, तरी तुम्हाला सांगून बघते. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर विंडो उघडतात, एकीवर एक येतात, मागेपुढे होतात. त्या पडद्यावर मांडणारं एक सॉफ्टवेअर तळाशी असतं. बिघडलं तरच लोकांना आठवतं. आमची कंपनी ते बनवायची. आधी त्याला फक्त माऊस कळायचा. मग लॅपटॉपचे टचपॅड मोठे झाले, बोटाने चालणारे पडदे आले, आणि आमच्या सॉफ्टवेअरला बोटांची भाषा शिकवायचं काम मामांकडे आलं. दोन बोटं सरकली तर पान सरकवायचं, चिमूट उघडली तर फोटो मोठा करायचा, तीन बोटं वर गेली तर उघड्या विंडो सगळ्या लहान करून समोर मांडायच्या. ऐकायला सोपं आहे. खरी मारामारी एकाच गोष्टीची. बोटं टेकली, जरा हलली, आता या माणसाला नक्की काय करायचंय, आणि त्याचं ठरलं असं आपण कधी समजायचं?

त्यावर मामांचं एक उत्तर होतं. ते त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि नंतर इतक्या वेळा सांगितलं की आम्ही पोरं त्यांच्या मागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचो.

"बोट टेकलं म्हंजी ठरलं न्हाई. बोट हललं म्हंजी बी ठरलं न्हाई. बोट उचललं, का मग ठरलं. तोवर माणूस इचार करतुया. करू द्यावा त्याला."

ऑफिसात मामा प्रमाण मराठी बोलायचे, इंग्रजी तर फारच नेटकं लिहायचे. पण बोटांच्या गोष्टीत रंगले की थेट रिह्यात पोचायचे.

परात त्यांच्या टेबलावर कायम. येईल त्याला पिठात बोटं फिरवायला लावायचे. सिक्युरिटीवाला, कॅबचे ड्रायव्हर, सुनीता ओल्या हातांनी, एचआरमधली लांब नखांची मुलगी. "नखवाल्यांचं बोट झोपून टेकतं," असे शोध लागले की मामा दिवसभर गुणगुणत असायचे. मुंग्या व्हायच्या. मग खाण्याचे पदार्थ डेस्कवर ठेवू नयेत अशी ईमेल सगळ्यांना यायची, आणि मामा उलट लिहायचे की हा खाण्याचा पदार्थ नाही, यंत्रसामग्री आहे. साफसफाईच्या बाईंनी एकदा सगळं पीठ फेकून परात लख्ख घासून ठेवली. मामांना वाईट वाटलं, पण बाईंना एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून पिठाचा डबा घेऊन आले आणि त्या बाईंच्याच बोटांचे ठसे घेतले.

आणि एक खोड. मामा अर्ध्या वाटेतून परत फिरायचे. रोज सकाळी स्कूटरवरून रिह्याहून निघायचे, आणि कधी कधी घोटावड्यात पोचले की त्यांना वाटायचं, आज नको. मग वळायचे आणि घरी जायचे. तसा फोन करून सांगायचेही. "काय झालं मामा, बरं नाही का?" "बरं आहे की. परत फिरलो." बस, एवढंच. हॉटेलात मिसळ सांगायचे, वेटर चार पावलं गेला की हाक मारून डोसा. जिन्यावरून अर्धे उतरून पुन्हा वर. माझा जीव नुसता वैतागायचा. पण दुसऱ्या कोणी असं केलं तर मामा त्याच्यावर कधीच चिडायचे नाहीत, हेही खरं.

आमचे मॅनेजर पुण्याचे. सभ्य, शुद्ध बोलणारे, आणि घाईत जन्मलेले. त्यांना सगळं चटकन हवं होतं. "बोटं किंचित वर गेली की विंडो मांडून टाका," ते म्हणायचे. "युजरला वेग जाणवला पाहिजे." मामांचं म्हणणं, विंडोंनी बोटाबरोबर चालावं. बोट हळू तर त्या हळू. आणि बोट अर्ध्यातून मागे आलं तर सगळं जिथल्या तिथे, जसं होतं तसं, काही झालंच नाही असं. हे दुसरं काम फार किचकट असतं. पुढे जाणं कोणीही लिहील, पण मागे येताना प्रत्येक गोष्ट आपल्या जागी ठेवायची म्हणजे घाम निघतो. आमचा घाम निघाला. मी तर दोनदा रडले त्या कामावर.

शेवटी मॅनेजर म्हणाले, ठीक आहे, मागे येऊ दे. पण मग एक प्रश्न विचारा पडद्यावर. आपल्याला नक्की रद्द करायचं आहे का? का रद्द करताय?

मामा उठून उभे राहिले. मी त्यांना मीटिंगमध्ये उभं राहिलेलं तेव्हाच पाहिलं.

"परत फिरणाऱ्या बोटाला कारण इचारायचं न्हाई," ते म्हणाले. "एवढं एक माझं ऐका. बाकी तुमी म्हणाल तसं करतो. कारण इचारलं का माणूस लाजंनं पुढं जातो. मागं यायचं असतं त्याला, पण जातो."

मॅनेजरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आणि ते मान्य झालं. आजही ते तसंच आहे. तुमच्या लॅपटॉपवर तीन बोटं अर्धी वर नेऊन खाली आणली आणि विंडो गुपचूप जागेवर जाऊन बसल्या, तर कदाचित ते आमचंच काम असेल. नसलं तरी मामांची आठवण काढायला हरकत नाही.

मी हिंजवडीत एकटी राहायचे, म्हणून रविवारी मामा मला रिह्याला जेवायला बोलवायचे. घर साधं, पुढे ओटी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागे भाताची खाचरं. मामी हसून स्वागत करायच्या आणि लगेच तक्रार. "माझी चांगली परात नेली गं ह्यांनी हापिसात." मुलगी स्वाती, पिरंगुटला एका दवाखान्यात नर्स. शाळेत असल्यापासून बापाच्या पिठात बोटं फिरवून वाढलेली. घरात कोणाला काही सांगायचं असेल आणि तोंडात घास असेल, तर बापलेक ताटाशेजारी बोटानेच सांगायचे. दोन बोटं खाली ओढली की वाढ. चिमूट मिटली की कमी. मामी म्हणायच्या, "येड्यांचं घर हाय हे." आणि स्वतःही तेच करायच्या.

स्वातीचं लग्न ठरलं. मुलगा उरवड्याचा, तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर. चांगला मुलगा. मी भेटले होते, बोलायला शांत, नजरेला नजर देणारा. साखरपुडा रिह्यात, रविवारी दुपारी. भातं निघून गेली होती, खाचरं मोकळी होती, तिथेच मांडव घातला. मी सकाळीच जाऊन पोचले, मदतीच्या नावाखाली चहा पीत बसले होते. आचारी आला होता. मामांची थोरली बहीण, सगळे त्यांना आक्का म्हणायचे, पांढरी साडी नेसून सगळ्यांना कामाला लावत होत्या.

स्वाती स्वयंपाकघरात आली. केस अर्धे विंचरलेले. मामा तिथे पाटावर बसून नव्या शर्टाची बटणं लावत होते.

"बाबा, मला न्हाई करायचं लग्न."

मामांचा हात बटणावरच थांबला. "पोरगा काय बोलला का?"

"न्हाई."

"दुसरं कोन हाय का मनात? सांग, मी काय खातोय व्हय तुला."

"न्हाई ओ बाबा. कोन न्हाई."

"मग कारण सांग."

"कारण सापडंना मला. चांगलाय तो. त्यांच्या घरची पण चांगली हायेत. पण लई दिवस झालं, मला आतनं नको वाटतंय."

"आगं पण तूच व्हय म्हनलीस ना? मी जबरदस्ती केली का?"

"न्हाई केली. तवा व्हय वाटलं व्हतं."

आक्का दारातूनच ओरडल्या, "मांडव घातलाय! पावनं निघत असत्याल तिकडनं! आता सुचतंय का तुला?" मामी चुलीपाशी होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि मामा, आमचे मामा, पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. "कारण सांग, स्वाती. लोकांला काय सांगू मी? कायतरी कारण पायजे का न्हाई? एक सांग. बारकं सांग."

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मामा, अहो, काय विचारताय तुम्ही! पण मी परकी, कोणाच्या घरात काय बोलायचं? राग मात्र असा आला होता त्यांचा, की तो चहाचा कप भिंतीवर मारावा.

स्वाती रडली नाही. मामींनी भाकरीसाठी पीठ काढलं होतं, ती परात जमिनीवर होती. स्वाती तिच्यापुढे मांडी घालून बसली. हाताने पीठ सारखं केलं. तीन बोटं टेकवली. बापाकडे बघत बघत ती वर सरकवली, अर्ध्यापर्यंत. थांबली. आणि तशीच, त्याच रेघांतून, हळूहळू खाली आणली. बोटं उचलली नाहीत. पिठात टेकवून बसून राहिली.

आक्कांना वाटलं पोरगी वेडी झाली. "आगं काय करतीस हे?" मामा त्या रेघांकडे बघत राहिले, इंटरव्ह्यूत माझ्या रेघांकडे बघत होते तसेच. मग त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या रागाची लाज वाटली. त्यांनी चष्मा काढला, नव्या शर्टालाच पुसला.

"उचलू नगं," ते म्हणाले. "मी येईस्तवर बोटं उचलू नगं." आणि माझ्याकडे वळून, "चल गं. स्कूटरवर बस मागं. एकट्याला जायला भ्या वाटतंय मला."

पावणे निघायच्या आत उरवडं गाठायचं होतं. घोटभर पाणीही न पिता आम्ही निघालो. घोटावड्यात आल्यावर मामांनी स्कूटर बाजूला घेतली आणि बंद केली. म्हटलं, झालं. ही त्यांची परत फिरायची जागा. इथून माणूस वळणार, घरी जाणार, आणि दुपारी त्या पोरीच्या बोटात अंगठी जाणार. मी मागे बसून देवाचं नाव घ्यायला लागले, आणि मी काही देवदेव करणाऱ्यातली नाही.

मामा रस्त्याकडे बघत म्हणाले, "हितनं मी लई येळा माघारी फिरलोय."

मी म्हटलं, "माहीत आहे, मामा."

त्यांनी किक मारली आणि स्कूटर पिरंगुटकडे, उरवड्याच्या वाटेला घातली.

उरवड्यात दारापुढे दोन जीपगाड्या उभ्या होत्या. बायका गजरे माळून बसायच्या तयारीत. मुलाचे वडील हसत पुढे आले. "जयभीम! आवो, आमी निघालोच की, तुमी कशाला आला न्यायला?"

मामांनी हात जोडले. ते पुन्हा सोडलेच नाहीत. "सोयरीक मोडायला आलोय. पोरीची चूक न्हाई, तुमच्या पोराची न्हाई. माझी हाय. मधी एकदा तिला पुन्हा इचारायला पायजे व्हतं. मी न्हाई इचारलं."

"का पण? काय कळलं का आमचं वंगाळ?"

"कायबी न्हाई. लई चांगली मानसं तुमी."

"मग कारण काय?"

"कारण न्हाई," मामा म्हणाले. "मी बी तेच इचारीत बसलो व्हतो तिला."

मुलाचे वडील पेटले. पेटणारच. गावापुढे, पावण्यांपुढे, गाड्या दारात असताना. ते बोलत राहिले, मोठमोठ्याने, आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मामा मान खाली घालून ऐकत होते. मग आतून मुलगा आला. अंगात नवा शर्ट, केस बसवलेले. त्याच्याकडे बघवेना मला. त्याने वडिलांच्या दंडाला हात लावला आणि मामांना एवढंच विचारलं, "त्यांची तब्येत बरी हाय ना?"

तिथे मामा रडले. उभ्या उभ्या, जोडलेल्या हातांनी. मुलाच्या आईने आम्हाला चहा दिल्याशिवाय सोडलं नाही. इतका जड चहा मी आयुष्यात प्यायलेला नाही. मामांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

पुढचं आधीच सांगून टाकते. आक्का त्यानंतर मामांशी बोलल्या नाहीत, थेट पुढच्या भातलावणीपर्यंत. गावात बरंच बोललं गेलं. कोणी म्हणालं पोरगी दुसरीकडे अडकलीय, कोणी म्हणालं बापाच्या डोक्यावर कॉम्प्युटरचा परिणाम झालाय. मामांनी कोणालाही कारण सांगितलं नाही, कारण त्यांच्याकडे नव्हतंच. त्या मुलाचं पुढे चांगलं झालं. स्वातीचं काय झालं ते स्वाती सांगेल, मी कोण सांगणारी? मामा आता नोकरी सोडून रिह्यातच असतात, इंद्रायणी भात लावतात, आणि मी गेले की माझ्या तोंडाकडे न बघता म्हणतात, "आली का मधलं बोट आपटणारी." परात मामींना परत मिळाली.

पण त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा मांडवात कोणी नव्हतं. आचारी ओटीवर बसून तंबाखू मळत होता. स्वयंपाकघरात आक्का भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. मामी स्वातीला घास भरवत होत्या, कारण तिचा उजवा हात अजून परातीत होता. तीन बोटं, तिथेच, पिठात टेकलेली.

खरोखर इतका वेळ ती तशीच बसली होती, का स्कूटरचा आवाज ऐकून पुन्हा बोटं टेकवली, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

मामा तिच्यासमोर जमिनीवर बसले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, बराच वेळ. हाताकडे नाही.

"उचल आता, बाळा," ते म्हणाले. "झालं."